नवा मेटल अल्बम ऐकून मत कसं द्यावं? इंदूरच्या श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेतली एखादी माडी असो की सुदामा नगरातली गच्चीवरची खोली, मेटल, म्हणजे जोरकस गिटार-ड्रम्सच्या रॉक संगीताची, वेडी चार मंडळी जमली की नव्या अल्बमवर वाद ठरलेलाच. वाद व्हायलाच हवेत. पण "भारी आहे" आणि "बेकार आहे" यांच्या पुढे गेल्याशिवाय त्यातून कुणाच्या हाती काही लागत नाही. म्हणून एक नियम धरून खालची उत्तरं लिहिली आहेत: मत दिलं की गाणं सांगायचं, मिनिट सांगायचं आणि तिथे कानाला काय ऐकू आलं ते सांगायचं.

नवा अल्बम कधी येतो? पहिल्या रात्रीच ऐकायला हवा का?

जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार हाच नव्या अल्बमचा वार आहे. त्याआधी अमेरिकेत मंगळवारी आणि ब्रिटनमध्ये सोमवारी अल्बम यायचे. स्ट्रीमिंगवर बहुतेक अल्बम आपल्याकडे गुरुवारची रात्र संपून बारा वाजले की दिसू लागतात.

त्या रात्री ऐकायला हरकत नाही, ती उत्सुकता हाही मेटलचाच भाग आहे. मत मात्र रविवारपर्यंत राखून ठेवा. रात्री बारा वाजता, दिवसभराच्या कामानंतर कान थकलेले असतात. थकलेल्या कानाला वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे सिंबल्स (ड्रम्सच्या झांजा) आणि गिटारचा करकरीतपणा, जास्त बोचतात. मग चांगल्या मिक्सवरही (वाद्यांचे आवाज जुळवून केलेल्या मिश्रणावरही) "कर्कश" असा शिक्का बसतो.

मत देण्याआधी किती वेळा ऐकावं?

किमान तीन वेळा, आणि तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी.

पहिल्यांदा सलग ऐका. फोन उलटा ठेवा, गाण्यांची नावंही बघू नका. कुठे मन भरकटलं एवढंच कागदावर टिपा. ब्लड इन्कँटेशनच्या 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' (२०२४) या अल्बममध्ये दोनच रचना आहेत, प्रत्येकीचे तीन भाग, सगळं मिळून ४३ मिनिटांच्या आसपास. तो तुकड्या-तुकड्यांत ऐकला तर डेथ मेटल मधेच थांबून सिंथेसायझर का सुरू झाला हे कळतच नाही. सलग ऐकणाऱ्याला ते वळण आधीपासून येताना जाणवतं.

दुसऱ्यांदा एकेक वाद्य पकडा. एक गाणं फक्त बेस गिटारसाठी, एक फक्त ड्रम्सच्या पायासाठी, एक फक्त डाव्या कानातल्या गिटारसाठी. मेटलमध्ये ऱ्हिदम गिटार बहुधा दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवलेली असते. एका बाजूचा हेडफोन काढला की दोन वादनांतले बारीक फरक ऐकू येतात.

तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. या फेरीत मत बदलणं अगदी नेहमीचं आहे.

तीन फेऱ्यांमध्ये निदान एक झोप जाऊ द्या. पहिल्या दिवशी आवडलेला रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना आपोआप आठवला तर तो टिकाऊ आहे. न आठवला तरी अल्बम वाईट ठरत नाही. ब्लॅक मेटलमध्ये कितीतरी वेळा रिफपेक्षा वातावरण महत्त्वाचं असतं आणि वातावरण गुणगुणता येत नाही.

माझ्याकडे फक्त फोन आणि साधे इयरफोन आहेत. चालेल का?

चालेल. आधी ॲपमधल्या चार गोष्टी तपासा:

- दर्जा 'ऑटोमॅटिक'वरून काढून सर्वात वरचा ठेवा. कमी बिटरेटला पहिला बळी सिंबल्सचा जातो. त्यांचा छन्न आवाज पाण्यात बुडाल्यासारखा 'श्वश्व' होतो आणि दोष ड्रमरच्या माथी येतो.
- क्रॉसफेड बंद, गॅपलेस चालू. नाहीतर एकमेकांत मिसळणारी गाणी कापली जातात.
- इक्वलायझर सपाट. 'बेस बूस्ट' चालू ठेवून "बेस फार आहे" असं म्हणणं अन्यायाचं आहे.
- आवाज सारखा करणारं सेटिंग, म्हणजे नॉर्मलायझेशन, चालू. स्पॉटिफाय ते मुळात उणे १४ लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास ठेवतं.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त. दोन अल्बमची तुलना करताना जो जरासा मोठ्यानं वाजतो तोच कानाला सरस वाटतो. नॉर्मलायझेशन चालू असेल तर ही फसगत बरीच टळते.

खोलीत स्पीकरवर ऐकलं की बेस घुमतो. मिक्सच वाईट आहे ना?

आधी खोलीवर संशय घ्या. आपल्याकडच्या खोल्या साधारण दहा बाय बाराच्या. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फुटांचं अंतर असेल तर तिथे ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. बारा फुटांत तो ४७ हर्ट्‌झवर येतो. आता सात तारांची गिटार सर्वात खालच्या तारेवर 'ए'ला उतरवली की तिची मोकळी तार ५५ हर्ट्‌झवर वाजते. म्हणजे बँड ज्या तारेवर सगळा जोर देतो, नेमकी तीच तुमची खोली फुगवते. बाकीचे सूर नीट आणि तेवढाच एक 'घूंऽऽ' करत असेल तर तो मिक्स करणाऱ्याचा दोष नाही.

पाठ भिंतीला टेकवून बसलात तर हा घुमार सर्वात जास्त, आणि बरोबर मध्यावर बसलात तर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. बेस कसा आहे यावर दोन मित्र भांडतात तेव्हा पुष्कळदा एक दिवाणावर भिंतीला टेकलेला असतो आणि दुसरा खोलीच्या मधोमध सतरंजीवर. खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर खुर्ची ठेवा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण करा, स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन फूट पुढे आणा आणि त्यांचा वरचा छोटा, उंच सुरांचा पडदा कानाच्या उंचीवर येईल असे स्टुलावर ठेवा. गाद्या-गोधड्या भिंतीला लावल्यानं सिंबल्सचा चटका कमी होतो, पण ५६ हर्ट्‌झवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. तिथे जागा बदलणं हाच उपाय.

शंका उरलीच तर तोच भाग हेडफोनवर ऐका. घुमार तिथेही असेल तरच मिक्सला नावं ठेवा.

"प्रॉडक्शन वाईट" म्हणजे नक्की काय म्हणायचं?

हे दोन शब्द शक्यतो टाळाच, कारण त्यात चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात.

एक, सगळंच सतत मोठं आणि सपाट. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) हे याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. आवाज इतका दाबून वर चढवला होता की ड्रमच्या ठोक्यांवर फाटल्यासारखी करकर ऐकू येते. त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या खेळासाठी दिलेली आवृत्ती कमी दाबलेली होती, आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यावर चाहत्यांना दोष कुठे आहे ते नेमकं दाखवता आलं. गाणी तीच, वादन तेच.

दोन, एखादं वाद्य हरवलेलं. '...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) मध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. हा मिक्सचा निर्णय आहे, वादकाचा नाही.

तीन, एखाद्या वाद्याचा नादच खटकणारा. 'सेंट अँगर' (२००३) मधला स्नेअर ड्रम खालच्या तारा सैल सोडून वाजवला आहे, म्हणून तो डबा ठोकल्यासारखा टणटणतो.

चार, मुद्दाम राखलेला खरखरीतपणा. नव्वदच्या दशकातल्या नॉर्वेजियन ब्लॅक मेटलचा तो नादच आहे. त्याच वाटेनं जाणाऱ्या आजच्या बँडला "स्वच्छ आवाज नाही" म्हणून गुण कापू नयेत. हेतू काय होता आणि तो साधला का, एवढंच विचारावं.

ड्रम्स यंत्रानं वाजवल्यासारखे वाटतात. खरंच तसं असतं का?

कधी संगणकावर लिहिलेले असतात, पण त्याहून जास्त वेळा माणसानंच वाजवलेल्या ठोक्यावर साठवलेला नमुना बसवलेला असतो. मिनिटाला २२० ठोक्यांच्या गतीला डबल बेसवर, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, पायाचा जोर साहजिकच कमी पडतो. प्रत्येक ठोका ठळक ऐकू यावा म्हणून ट्रिगर (ठोका पडताच साठवलेला आवाज वाजवणारं यंत्र) किंवा सॅम्पल (तो साठवलेला नमुना) वापरतात. ओळखायचं कसं? वेगवान भागातला स्नेअर घ्या आणि सलग सोळा ठोके ऐका. माणसाच्या डाव्या-उजव्या हातात थोडा तरी फरक राहतो. सोळाही ठोके हुबेहूब सारखे असतील तर नमुना बसवलेला आहे. टेक्निकल डेथ मेटलमध्ये हे खपून जातं. संथ, मोकळ्या रिफखाली मात्र ते फार कोरडं वाटतं, आणि तिथे तक्रार करायला हवी.

ग्रोलमधलं एक अक्षर कळत नाही. त्यावर मत कसं देणार?

शब्द कळणं हा निकष तात्पुरता बाजूला ठेवा आणि ग्रोलला, म्हणजे त्या गुरगुरत्या गायकीला, वाद्य समजा. तीन गोष्टी ऐका: आवाजाला पोट आहे की तो नुसता घशातून ओरबाडून काढला आहे, वाक्य रिफच्या ठोक्यांवर बसतं की वर तरंगत राहतं, आणि पूर्ण अल्बमभर एकच पोत आहे की जाड, बारीक, कुजबुज असे बदल आहेत. चांगला ग्रोल खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना कंप देऊन आणि पोटाच्या श्वासावर उभा राहतो, म्हणून तो तासभर टिकतो.

ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट' (२०२४) या प्रश्नासाठी उत्तम. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर त्यांच्या स्टुडिओ अल्बममध्ये ग्रोल पहिल्यांदाच परत आला. कुठल्या ओळी ग्रोलमध्ये आणि कुठल्या स्वच्छ गळ्यानं गायल्या आहेत, हे शब्द समोर ठेवून पाहिलं की गायकाची निवड कळते.

ताल सापडतच नाही असे बँड असतात. ते नुसते गोंधळ घालतात का?

नाना पानसे यांच्या पखवाजाचं हे गाव आहे. इथल्या कानाला हा प्रश्न अवघड जाऊ नये. मेशुगा या स्वीडिश बँडचं 'न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट' (१९९८) घ्या. सिंबल सरळ चारच्या हिशेबात चालतो. गिटार आणि पाय मात्र तेवीस सोळांशांचा (एका ठोक्यात चार सोळांश) तुकडा वाजवतात. तो तुकडा पाच वेळा येतो, म्हणजे ११५, आणि मग तेरा सोळांशांचा एक छोटा तुकडा जोडून १२८ पुरे होतात. १२८ सोळांश म्हणजे सिंबलचे बत्तीस ठोके, म्हणजेच तीनतालाची दोन आवर्तनं. तेराचा तो तुकडा समेवर येण्यासाठीच आहे.

हे हातावर करून पाहा. गिटारकडे अजिबात लक्ष देऊ नका, सिंबलवर टाळी धरा आणि बत्तीसपर्यंत मोजा. तेहेतिसाव्याला रिफ नव्यानं सुरू होताना पकडलात की अंगावर काटा येतो. गडबड होते ती डोकं गिटारबरोबर हलवल्यामुळे. तसं केलं की चौथ्या-पाचव्या ठोक्यालाच हिशेब सुटतो. नव्या अल्बममध्ये असा भाग आला तर विचारायचं एवढंच: सम आहे का, आणि ती गाठण्यात काही मजा आहे का? काही नवे बँड विषम मात्रा नुसत्या जोडत जातात आणि कुठेच पोचत नाहीत. त्यांना तसं स्पष्ट सांगावं.

डूम मेटल फार संथ आहे, कंटाळा येतो.

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ज्या शहरानं ऐकला, तिथे संथपणा हा दोष मानू नये. एका मात्रेत तीन-चार सेकंद सहज जातात आणि त्या अवकाशातच राग उलगडतो. डूममध्येही दोन ठोक्यांमधली जागा ऐकायची असते: सूर विझताना फीडबॅक कुठे वळतो, बेस गिटार किती वेळ धरून ठेवते. या सगळ्याचं मूळ ब्लॅक सबाथचे गिटारवादक टोनी आयोमी. कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणून त्यांनी तारा सैल केल्या. ब्लॅक सबाथच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' (१९७१) मध्ये काही गाण्यांत गिटार तीन सेमिटोन खाली आहे.

संथ अल्बमवरची रास्त तक्रार वेगळी असते: दहा मिनिटांत रिफ तसाच राहिला, सुराचा पोतही बदलला नाही. ती मिनिटासह मांडा.

जुन्या बँडच्या नव्या अल्बमची तुलना कशाशी करावी?

त्यांच्या सोनेरी काळाशी तुलना केली तर हरणं ठरलेलंच. आधीच्या दोन अल्बमशी करा. जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' (२०२४) आला तेव्हा रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचे होते. त्या वयात वरच्या सुरांवर किती विसंबावं, कुठे मधल्या पट्टीत रचना बांधावी, हे त्यांनी कसं सांभाळलं ते ऐकणं जास्त फलदायी आहे.

आयर्न मेडनच्या 'सेंजुत्सू' (२०२१) बद्दल "लांबलचक आहे" हे मत सर्रास ऐकू येतं. अल्बम ८२ मिनिटांच्या घरात आहे आणि शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांच्या वरची आहेत, त्यामुळे तक्रारीला आधार आहे. पण ती नेमकी करा: कुठली ओळ किती वेळा आली, कुठली प्रस्तावना कापली असती तर चाललं असतं? शेवटची तीन गाणी वेगळ्या बैठकीत, ताज्या कानानं ऐकून पाहा. ती थकलेल्या श्रोत्याच्या वाट्याला येतात म्हणूनही लांब वाटतात.

आपल्या देशातल्या बँडला सवलत द्यावी का?

नाही. सवलत हा अपमान आहे. बंगळुरूचा क्रिप्टोस, दिल्लीचा ब्लडीवुड किंवा इंदूरचाच निकोटीन, सगळ्यांना तोच कान लावावा. क्रिप्टोसचा 'डेसिमेटर' (२०२४) जर्मन आणि ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या हेवी मेटलच्या शेजारी ठेवून ऐकावा.

ब्लडीवुडच्या 'रक्षक' (२०२२) आणि 'न्यू डेल्ही' (२०२५) बद्दल एक सूचना. ढोल आहे म्हणून आनंदून किंवा ढोल आहे म्हणून नाक मुरडून मत देऊ नका. ढोल काढून टाकला तर गाणं उभं राहतं का, हा खरा प्रश्न. गणेशोत्सवात ढोलाच्या टिपरू-थापीचा फरक ओळखणाऱ्या आपल्या कानाला हे जास्त बारकाईनं सांगता येईल: ढोल रिफशी बोलतोय की फक्त मागे रंग भरतोय?

दहापैकी गुण द्यावेत का?

द्या, पण शेवटी. आधी गुण ठरवले की पुढची वाक्यं त्यांची वकिली करत बसतात. रचना, वादन, आवाज यांचे वेगळे गुण काढून सरासरी करू नका. दोन अविस्मरणीय गाणी असलेला ओबडधोबड अल्बम सरासरीत नेहमी मार खातो.

सात-आठ जण जमून ऐकताना वाद हाताबाहेर जातो. काय करावं?

ऐकताना बोलणं बंद. अल्बम संपला की पाच मिनिटं प्रत्येकानं कागदावर तीन ओळी लिहायच्या: सर्वात चांगला क्षण, सर्वात कच्चा क्षण, दोन्हींची वेळ. मग वाचन, आणि सुरुवात सर्वात नवख्या श्रोत्यापासून. जाणकार दादा आधी बोलला की बाकीच्यांचे कागद मनातल्या मनात बदलतात. मतभेद झाला की तो तीस सेकंदांचा भाग पुन्हा लावा. निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण दोघं वेगवेगळ्या रिफबद्दल बोलत असतात.

बैठक संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू करा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरवर निर्बंध आहेत आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. डबल बेसचा खालचा आवाज भिंतीतून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वात आधी पोचतो, त्यामुळे उशीर झाला तर फक्त खालचे सूर कमी करा. दहानंतर उरलेली चर्चा सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत करता येते.

आवाज किती ठेवावा?

समोरच्याशी थोडं मोठ्यानं बोलता येईल इतका. ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, असा हिशेब दर तीन डेसिबलला निम्मा होत जातो; १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. फोनवर डेसिबल मोजणारं ॲप अचूक नसतं, तरी अंदाजाला पुरतं. ऐकल्यावर कानात शीळ वाजत असेल तर त्या दिवशी दुसरी फेरी नको, आणि त्या फेरीवरचं मतही धरू नका. कार्यक्रमाला जाताना इयरप्लग न्या. फोमच्या प्लगनं सिंबल्स गायब होतात, संगीतासाठीचे प्लग सगळे सूर सारखे खाली आणतात.

अल्बम आवडला. बँडपर्यंत पैसे जातील असं कसं विकत घ्यावं?

लहान बँडसाठी बँडकॅम्प सर्वात सरळ. डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के ठेवतात, आणि 'बँडकॅम्प फ्रायडे'च्या दिवशी तो वाटाही सोडतात. ही प्रथा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानं मोजतात, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपात उतरवून घ्या आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. सीडी किंवा टी-शर्ट परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी बघा. कधीकधी ते वस्तूच्या किमतीइतके होतात. तिघा-चौघांनी मिळून एकच पार्सल मागवलं तर टपालखर्च वाटून जातो.